मागं रेललेली भिंत

भिंत कशासाठी बांधतात असं विचारलं तर कुणीही सांगेल, आडोशासाठी. मी नोकरीभर ज्या भिंती बांधल्या त्यांचा आडोशाशी संबंध नव्हता. त्यांच्या एका बाजूला माती असते आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. वरची माती खाली येऊ द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. सरकारी कागदात त्यांना संरक्षक भिंत म्हणतात. धाराशिव जिल्ह्यात रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, शाळांच्या मागं अशा बऱ्याच भिंती मी उभ्या केल्या. एसटीतून जाताना त्यातली एखादी दिसली की मी अजून मान वळवून बघते. शेजारच्या बाईला वाटतं, ओळखीचं कुणी दिसलं असेल.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, इंजिनियर बाईचे गमतीदार अनुभव लिहा. गमती आहेतच. सोनारीजवळ माकडांनी आमची आखणीची दोरी पळवून झाडावर नेली होती आणि ती परत मिळेपर्यंत सगळं काम खोळंबलं होतं. तेरखेड्याकडच्या एका वस्तीत तर लोकांनी नव्या भिंतीची सगळी भोकं चिंध्या कोंबून बुजवली. मागच्या मातीतलं पाणी निथळून जावं म्हणून ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, ती बुजली की पाणी साठून भिंतीला फुगवटा येतो. मी रागावले तर एक आजी मलाच म्हणाली, "बाई, भोकातनं साप आला तर तुमी येनार हाव का मारायला?" तेव्हापासून मी भोकांना जाळी लावायला लागले.

पण लिहायला बसलं की डोळ्यांपुढं येतं ते वेगळंच गाव. त्यात गंमत नाही.

जळकोटच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की बऱ्याच अंतरावर ते लागतं. नाव लिहीत नाही. गावाला लागून जुनं तळं आहे. आपल्या जिल्ह्यात जरा खणलं की मुरूम लागतो आणि खाली काळा दगड, त्यामुळं पायाची काळजी आम्हाला कमीच. तळ्याकाठची गोष्ट मात्र निराळी. तिथं पिढ्यान् पिढ्या गाळ साठलेला असतो. पाला, शेवाळ, बेशरमाची झाडं त्यात कुजून काळा, मऊ, घाणेरड्या वासाचा थर तयार होतो. लोक त्याला रेंदा म्हणतात. उन्हाळ्यात वरून तो वाळतो आणि इतका टणक होतो की कुदळ उडते. खाली मात्र तो लोण्यासारखाच असतो.

तळ्याच्या काठावर घरांची एक ओळ होती. पावसाळ्यात काठ थोडा थोडा ढासळायचा. गावानं मागणी केली, मंजुरी आली आणि भिंत बांधायचं काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा शाखा अभियंता होते आणि कामात मुरले होते. ओळीतलं शेवटचं घर प्रयागबाईचं. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. घरी ती, एक म्हैस आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक उषा. माती-दगडाचं जुनं घर, वर पत्रे. त्या घराच्या मागच्या अंगणालगतच भिंत जाणार होती.

पाया ठरवण्याआधी जमीन तपासायला खड्डे घ्यावे लागतात. भर उन्हाळ्यात दोन खड्डे घेतले. वरचा टणक थर, खाली पिवळसर मुरूम, सगळं ठीक. तिसरा खड्डा प्रयागबाईच्या अंगणात घ्यायचा होता, पण तिथं गोठा होता आणि म्हैस गाभण होती.

प्रयागबाई हात जोडून म्हणाली, "म्याडम, लई बुजती ती. आठवडाभर दम धरा की."

माझ्याबरोबर ठेकेदाराचे मुकादम गफूरभाई होते. खड्डे खणणारी पोकलेन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर जाणार होती. मी म्हणाले, "राहू द्या बाई, नको हलवू म्हशीला. दोन खड्ड्यांत कळलंय मला. इथली जमीन माहिती आहे."

तिला बरं वाटलं आणि मलाही. तिनं चहा दिला. मी एका बाईवर उपकार केले अशा थाटात तो प्याले.

पायाची चर खणताना तिच्या अंगणापाशी तळ जरा मऊ लागला. मी थोडा दगड भरून घेतला आणि पुढं जाऊ दिलं. भिंत उभी राहिली. ओळंबा लावला की कुठं बोटभर फरक नव्हता. राहिला होता मागचा भराव. भिंत आणि घरं यांच्यामध्ये खोल चर उघडी होती. मृगाचे ढग जमू लागले तशी गावाची ओरड सुरू झाली. चरीत पाणी साठलं तर घरांचे पाये भिजतील, लेकरं पडतील. ओरड खोटी नव्हती. मी गफूरभाईंना भराव टाकायचा लेखी आदेश दिला. मुरमाचे टिपर एकामागून एक आले आणि बघता बघता चर वरपर्यंत भरली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भिंत बांधून झाली की धोका संपला. मऊ जमिनीवर खरा धोका बांधकाम चालू असतानाच असतो. गाळात निम्मं पाणीच असतं. त्याच्यावर वजन सावकाश चढवलं तर पाणी हळूहळू निघून जातं आणि गाळ घट्ट होत जातो. एकदम चढवलं तर पाण्याला निघायला वेळ मिळत नाही. मग गाळ पाण्यासारखाच वागतो, वाट मिळेल तिकडं सरकतो. म्हणून भराव थोडा थोडा टाकायचा, थांबायचं, भिंतीवर नजर ठेवायची आणि मग पुढचा थर. हे मी नव्या पोरांना शिकवत असे. तिथं मात्र मी घाई केली, कारण खाली गाळ नाहीच असं मी धरून चालले होते.

पाऊस दोन दिवस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडीप मिळाली म्हणून मी कामावर गेले. गफूरभाई भिंतीच्या शेवटच्या तुकड्यापाशी उभे होते, हातात ओळंबा.

"म्याडम, फिकर करू नका, पण जरा बगा. ही भिंत मागं रेललीय. घराकडं."

"किती?"

"चांगली वीतभर. पण मागंच हाय की. तळ्याकडं झुकली असती तर पडली असती. आता मातीला टेकून बसली बिचारी."

मी ओळंबा त्यांच्या हातून घेतला आणि स्वतः लावून पाहिला. चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर पोतं ठेवून बघा. त्याच्या टाचा रुततात आणि तो मागं कलतो. भिंत पुढं झुकली तर मातीचा रेटा जास्त झाला असं समजायचं, आणि त्यावर इलाज असतात. मऊ जमिनीवरची भिंत मागं रेलली तर तिच्या टाचेखालची जमीनच निघून चालली आहे. ती कुठं टेकलेली नसते. मागच्या भरावासकट ती खाली निघालेली असते.

मी भिंतीवरून तळ्याकडं वाकून पाहिलं. समोरचा सपाट गाळ लांबट फुगला होता, पांघरुणाखाली कुणी कुशीवर निजावं तसा. पोकलेनवाला तो उंचवटा खरवडून जागा साफ करत होता. त्याला वाटलं, पावसानं गाळ वाहून आलाय.

मी किती मोठ्यानं ओरडले ते गफूरभाई पुढं कितीतरी दिवस लोकांना सांगत होते. तो फुगलेला गाळ म्हणजे घराखालून निघालेली माती होती, आणि पुढं तिचंच वजन बाकीच्या मातीला अडवून धरत होतं. ती काढणं म्हणजे उतारावरच्या गाडीच्या चाकाखालचा अडवणीचा दगड काढण्यासारखं. मशीन थांबवली. गफूरभाईंना सांगितलं की पुढं, तळ्याच्या बाजूला, दगड टाका, मिळेल तेवढा, आणि मागचा मुरूम उपसायला लागा, पण हातानं, जड मशीन घराजवळ न्यायची नाही.

मग मी अंगणात गेले. सारवलेल्या जमिनीवर घराच्या कडेनं एक भेग गेली होती, कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली. दोन्ही टोकं भिंतीकडं आणि मधला फुगीर भाग थेट मागच्या खोलीच्या खालून.

त्या खोलीत उषा होती. पाच दिवसांची बाळंतीण. बाजेखाली शेगडी, खोलीत ओव्याच्या धुराचा वास, डोक्याला फडकं बांधलेली ती पोर बाळाला पाजत होती. प्रयागबाई पाटा-वरवंटा धुऊन पुसत बसली होती. बाळाची पाचवी होती. संध्याकाळी सटवाईची पूजा मांडायची होती.

मी म्हणाले, "बाई, घर सोडावं लागेल. आत्ता."

तिला आधी कळलंच नाही. "कुनी?"

"तुम्ही सगळ्यांनी. जमीन सरकायला लागलीय. माझी भिंत घर घेऊन खाली जाईल."

प्रयागबाई माझ्याकडं बघत राहिली. "भिंत तर घर राखाया बांदली न्हवं?"

मी बोट करून अंगणातली भेग दाखवली.

"म्याडम, माझ्या सासऱ्याच्या आदीपासनं हे घर हितंच हाय. पाऊस काय आमी पयल्यांदा बगालाव? तुमी यायच्या आदी कदी भेग गेली न्हाय."

"खरं आहे," मी म्हणाले. "मी यायच्या आधी नव्हती."

"मग?"

"चूक माझी आहे. पण ती आत्ता भांडून भरून येणार नाही. उठा."

तिनं उषाकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज सटवाई येती लेकराचं नशीब लिव्हायला. बाळंतीण उंबऱ्याभायर काढली, तर तिला कसं कळंल आमी कुठं गेलाव ते?"

मी म्हणाले, "आपण शाळेत जाऊ, पूजा तिथं मांडू. मी स्वतः थांबते."

भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. उषानं कानात कापूस घातला, अंगावर घोंगडं घेतलं. बाळ आजीच्या पदराखाली. गफूरभाईंनी बाज डोक्यावर घेतली, एका मजुरानं शेगडी. पाटा दुसऱ्याकडं गेला आणि वरवंटा माझ्याकडं. अशी आमची वरात गावातून शाळेकडं निघाली. दारादारांत माणसं उभी होती. सरपंच धावत आले आणि माझ्यावर छत्री धरली. मी ती बाळंतिणीवर धरायला लावली. आजवर गावागावांतून हिंडताना लोक अदबीनं बाजूला सरायचे, ती अदब मला आवडायची. त्या दिवशीही ते तसेच बाजूला सरले आणि मला कुणाच्या तोंडाकडं बघवेना.

वर्गातली बाकं सरकवून बाज टाकली. कोपऱ्यात पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं. कोरा कागद ठेवला. मग प्रयागबाईनं हात पुढं केला.

"पेन हाय का?"

मी पर्समधून काढून दिलं. ज्या पेनानं मी भराव टाकायच्या आदेशावर सही केली होती तेच होतं, दुसरं माझ्याकडं नव्हतंच. तिनं ते कागदावर नीट आडवं ठेवलं आणि हात जोडले. मीही जोडले. सटवाईकडं काय मागायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हणाले की माझ्या हातचं काही या लेकराच्या नशिबात लिहू नकोस.

सकाळी आम्ही काठावर होतो. निम्मा मुरूम उपसून झाला होता, पुढं दगडाचा ढीग पडत होता. ओळीतली बाकीची घरंही तोवर रिकामी केली होती. प्रयागबाई म्हशीला सोडवून न्यायला आली होती. म्हैस बाहेर काढली आणि तेवढ्यात पत्रा करकरला. मोठा आवाज झालाच नाही. मागची खोली, जिथं बाज होती ती, आहे तशी खाली बसली. मग खोलीच्या भिंतींचे दगड एकेक करून आत ओघळले आणि वर धूळ उठली. पावसात भिजलेल्या घरातून इतकी धूळ कशी निघाली कोण जाणे.

आणि माझी काँक्रीटची भिंत? ती उभीच होती. तशीच मागं रेललेली. तिचा टवकाही उडाला नव्हता.

प्रयागबाई रडली नाही. म्हशीचा कासरा हातात धरून तिथंच उभी राहिली. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण मी गेले नाही. गफूरभाई गेले आणि त्यांनी कासरा आपल्या हातात घेतला.

पुढचं सगळं आमच्या खात्यात होतं तसं झालं. दगडाच्या वजनानं जमीन थांबली. ओळीतली बाकीची घरं वाचली. चौकशी बसली. मी लिहून दिलं की तिसरा खड्डा घेतला नव्हता आणि भराव एका दमात टाकला. वरिष्ठ म्हणाले, अतिवृष्टी लिहा, सोपं पडेल. मी ते लिहिलं नाही, याचा मला अभिमान वाटायला हवा होता, पण वाटला नाही. खरं लिहिल्यानं खोली परत उभी राहत नाही. मला ताकीद मिळाली. प्रयागबाईला भरपाई मंजूर झाली, ती यायला सरकारी वेळ लागला. तोवर ती शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उषा बाळाला घेऊन सासरी गेली.

मग पंधरा ऑगस्टला गावानं माझा सत्कार ठेवला.

मी खूप टाळलं. सरपंच कार्यालयात येऊन बसले. म्हणाले, "म्याडम, बाळंतिणीचा आन् लेकराचा जीव वाचवलाव तुमी. गाव कसं इसरंल?" न जाणं म्हणजे आणखी तोंड लपवणं, म्हणून गेले. शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं, मग माझं नाव पुकारलं. सरपंचांनी भाषण केलं. संकट ओळखणारी नजर, वेळेवर घेतलेला निर्णय, बाईमाणूस असून दाखवलेली हिंमत. टाळ्या.

मी माईक हातात घेतला आणि ठरवलं होतं ते बोलले. "ते संकट आलं नव्हतं, मी आणलं होतं. प्रयागबाईंचं घर माझ्या भिंतीनं पाडलं. जमीन नीट न तपासता मी काम केलं. जी आग मी लावली ती विझवली म्हणून सत्कार घेणं मला शोभत नाही."

सरपंच माईक परत घेऊन म्हणाले, "बगा! ह्याला म्हनत्यात मोठेपना. कोन अदिकारी असं बोलतो?" आणि मघापेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या.

इतकी लाज मला घर पडलं तेव्हाही वाटली नव्हती. माझं खरं त्यांनी विनय म्हणून घेतलं आणि माझ्याच गळ्यात घातलं. आता आणखी बोलले असते तर टाळ्या वाढल्या असत्या, म्हणून खाली बसले.

शेवटी ओटी भरायला, विधवेनं भरायची रीत नसतानाही, गावानं मुद्दाम प्रयागबाईलाच बोलावलं. ती खण-नारळ आणि तांदळाचं ताट घेऊन आली. मी पदर पसरला. ओंजळीनं तांदूळ घालता घालता ती फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "टाळ्या वाजवनाऱ्यांचं घर पडलं न्हाय."

"मला माफ करा, बाई," मी म्हणाले.

"ते बगू. आदी हे सांगा, नवं घर कुठं बांदू?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "खड्डे घेऊन बघावं लागेल."

तिनं नारळ ओटीत ठेवला. "आसं त्या दिवशी गोठ्यापाशी म्हनाला आसताव तर," एवढंच बोलली आणि कुंकू लावून मागं सरली.

गावाच्या वरच्या अंगाला तिचा शेताचा तुकडा होता. तिथं मी रजा काढून खड्डे घेतले, हातानं खणायला लावून, एकेका थराची माती मुठीत दाबून बघत. प्रयागबाई प्रत्येक खड्ड्याच्या काठावर बसून होती. कमरेएवढ्या खोलीवर पक्का मुरूम लागला. तरी मी आणखी खणायला लावलं. पुढच्या वर्षी तिथं दोन खोल्या उभ्या राहिल्या. पायाच्या आखणीला मी होते, स्लॅबलाही होते. चहा आला की मी कामाचं निमित्त सांगून बाजूला जायचे.

वास्तुशांतीचं बोलावणं करायला ती स्वतः धाराशिवला आली, एसटीनं, घरचं तूप घेऊन. नाही म्हणायची सोय ठेवली नाही. मी गेले. उषा आली होती. तिचा मुलगा तोवर चालायला लागला होता. घरभर पावलं वाजवत तो फिरत होता आणि पडला की भिंतीला धरून उठत होता. बायकांच्या पंगतीत मला मधोमध पाट दिला. पुरणपोळी, कटाची आमटी, वर त्याच म्हशीचं तूप.

मी जेवायला बसले खरी, पण नजर जाग्यावर राहीना. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते का, स्लॅब भिंतीला भेटतो तिथं काही दिसतं का, फरशी एका अंगानं बसली का, मी पुन्हा पुन्हा वर बघत होते. चुना नवा होता. कुठं केसाएवढी रेघ नव्हती.

वाढता वाढता प्रयागबाई माझ्यापुढं थांबली. पोळीवर तुपाची धार सोडत म्हणाली, "भिंतीकडं काय बगालाव म्याडम? ताटाकडं बगा."

मी ताटाकडं पाहिलं. मान खाली घालायला तेवढं निमित्त मला पुरलं.